बंदिस्त जागेची भीती आणि गुहेतील सफर : या चुका टाळा

ठाण्यातील आमच्या सोसायटीने गेल्या हिवाळ्यात आंध्र प्रदेशातील बेलम गुहांची सहल ठरवली, तेव्हा नाव नोंदवलेल्यांपैकी चौघांनी आठवड्याभरात आपली नावे मागे घेतली. कोणाचा गुडघा दुखत होता, कोणाकडे पाहुणे येणार होते, कोणाला रजा मिळत नव्हती. नंतर एकेकाशी निवांत बोलल्यावर कळले की चौघांचेही खरे कारण बंदिस्त जागेची भीती हे होते, आणि ते उघडपणे सांगण्याचा संकोच त्या भीतीहूनही मोठा होता. मला तो संकोच चांगला ठाऊक आहे, कारण माझी बहीण नौपाड्यात सातव्या मजल्यावर राहते आणि तिच्याकडे मी अकरा वर्षे जिन्याने जात होते. कोणी विचारलेच, तर तेवढाच व्यायाम होतो असे सांगत होते.

मी त्या सहलीला गेले, गुहेच्या सर्वांत खोल टोकापर्यंत उतरले आणि परत आले. त्यापूर्वी काही वर्षे आधी दुसऱ्या एका गुहेतून मात्र मला अर्ध्या वाटेवरून रडवेली होऊन परतावे लागले होते. पहिल्या सफरीत मी ज्या चुका केल्या, त्या बहुतेक सगळ्या चुका आमच्या त्या चौघांच्याही मनात तयार होत्या, म्हणून त्या सविस्तर लिहाव्यात असे वाटले.

लेणी पाहिली आहेत, म्हणजे गुहाही जमेल असे धरून चालणे

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला गुहा म्हटले की कान्हेरी किंवा घारापुरी आठवते आणि फसगत इथूनच सुरू होते. आपला सह्याद्री लाव्हारसाच्या थरांनी बनलेल्या बेसॉल्टचा आहे आणि आपली लेणी त्या खडकात माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलेली आहेत. ती राहण्यासाठी, उपासनेसाठी, शिकण्या-शिकवण्यासाठी कोरली गेली, त्यामुळे त्यांना ओसरी आहे, खांब आहेत, समोरून येणारा उजेड आहे. कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहात अगदी स्तूपापर्यंत गेले, तरी मागे वळताच दार दिसते.

चुनखडीच्या नैसर्गिक गुहांची घडण वेगळी असते. पावसाचे पाणी हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य आम्लासारखे बनते, खडकाच्या भेगांतून झिरपते आणि लाखो वर्षांत दगड विरघळवत वाट काढते. पाण्याने काढलेली ती वाट माणसाच्या खांद्यांच्या मापाने काढलेली नसते. ती वळते, अरुंद होते, एकाएकी प्रशस्त होते आणि पुन्हा खाली उतरते. दुसऱ्याच वळणावर प्रवेशद्वार दिसेनासे होते. दार नजरेआड होण्याचा तो क्षण पुष्कळांना चिंचोळ्या जागेपेक्षाही अवघड जातो, आणि लेण्यांच्या अनुभवाने त्याची कल्पना येत नाही.

गुहा-गुहांतही फार फरक असतो, तो न पाहता केवळ छायाचित्रांवरून ठिकाण ठरवणे ही याच चुकीची दुसरी बाजू आहे. विशाखापट्टणमहून अरकूच्या वाटेवर असलेली बोरा गुहा आतून एखाद्या प्रचंड सभागृहासारखी प्रशस्त आहे, म्हणून पहिल्या प्रयत्नाला ती बरी. मेघालयात सोहराजवळची, म्हणजे चेरापुंजीजवळची, मॉसमाई गुहा पर्यटकांसाठी जेमतेम दीडशे मीटर खुली आहे, आत दिवे आहेत आणि एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येते, परंतु मध्ये अंग चोरून आणि वाकून जावे लागेल अशा जागा आहेत. छत्तीसगडमधील कांगेर खोऱ्यातील कुटुमसर गुहेचे तोंडच चिंचोळे आहे आणि पावसाळ्यात ती बंद ठेवतात. नंद्याल जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या कर्नूल जिल्ह्यातील, बेलम गुहांची मोजलेली लांबी ३,२२९ मीटर असून त्यांपैकी सुमारे दीड किलोमीटर वाट पर्यटकांना पाहता येते. तिथे दिवे आहेत, रुंद दालने आहेत, परंतु उष्मा आणि दमटपणा भरपूर आहे, आणि पाताळगंगा नावाचा सर्वांत खोल भाग प्रवेशद्वारापासून ४६ मीटर खाली आहे.

जाण्यापूर्वी चार गोष्टी फोन करून किंवा आधी जाऊन आलेल्यांकडून नक्की विचाराव्यात : सर्वांत चिंचोळी जागा किती लांबीची आहे, ज्या वाटेने आत गेलो त्याच वाटेने परतायचे की वेगळ्या, आतील दिवे कायमचे आहेत की मार्गदर्शकाच्या हातातील विजेरीवर भिस्त आहे, आणि मध्येच परतायचे झाल्यास सोबत कोण येते. यांतील चौथ्या प्रश्नाचे उत्तर नीट मिळाले नाही, तर मी ती गुहा पहिल्या प्रयत्नासाठी निवडणार नाही.

आपल्याला नेमके कशाचे भय वाटते हे न तपासणे

बंदिस्त जागेची भीती ही वरून एक दिसली, तरी तिच्यात दोन निरनिराळ्या भीती असतात. एक गुदमरण्याची, म्हणजे इथे हवा पुरणार नाही ही. दुसरी अडकण्याची, म्हणजे इथून हवे तेव्हा निघता येणार नाही ही. काहींच्या बाबतीत दोन्ही सारख्या तीव्र असतात, पण पुष्कळदा एक वरचढ असते आणि तयारी तिला धरूनच करावी लागते.

मला माझी भीती कोणती हे समजायला लहानपणीची एक आठवण उपयोगी पडली. कळवा आणि मुंब्रा यांच्यामधला पारसिकचा बोगदा १९१६ सालचा आणि सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा आहे. त्या काळी जलद लोकल त्यातून जात असत आणि आम्ही डोंबिवलीला आजोळी जाताना गाडी बोगद्यात शिरली की मुले आरडाओरडा करीत. मीही करी. अंधार होता, धूळ होती, डब्यात माणसे कोंबलेली होती, तरी मला काही होत नसे. एकदाच गाडी बोगद्यात थांबली, पाच-सात मिनिटे उभी राहिली, आणि मी आईचा दंड इतका घट्ट धरला की तिला वळ उठले. अंधार तोच, हवा तीच आणि गर्दीही तीच होती; बदलले होते ते एवढेच की गाडी चालत नव्हती. माझी भीती अडकण्याची होती, हे त्या प्रसंगात स्पष्ट लिहिलेले होते, आणि ते वाचायला मी चाळीस वर्षे घेतली.

ज्यांची भीती गुदमरण्याची आहे, त्यांनी हवेविषयीची माहिती आधी मिळवावी आणि श्वासाचा सराव करावा. ज्यांची भीती अडकण्याची आहे, त्यांना हवेविषयी कितीही पटवून दिले तरी उपयोग होत नाही. त्यांना परतीची वाट, सोबत आणि थांबण्याची मुभा हवी असते. माझ्या पहिल्या सफरीत मैत्रीण मला सारखी सांगत होती की आत हवा भरपूर आहे, आणि मला हवेची चिंता नव्हतीच.

गुहेतच धैर्याची पहिली परीक्षा घेणे

‘एकदा उडी मारली की भीती जाते’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. भीतीवरील उपचारांत भीतीच्या गोष्टीला सामोरे जाणे हाच मुख्य भाग असतो हे खरे आहे. मात्र ते पायरीपायरीने करण्याची पद्धत १९५०च्या दशकात मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पी यांनी मांडली आणि आजही भीतीवरील उपचारांत तीच दिशा धरली जाते. पायरी इतकीच उंच असावी की तिच्यावर भीती वाटेल, पण तिथे टिकून राहता येईल. त्या पायरीवर भीती आपोआप उतरेपर्यंत थांबायचे, तेच पुन:पुन्हा करायचे, आणि ती पायरी कंटाळवाणी वाटू लागली की वर चढायचे. भीती शिगेला पोहोचताच पळ काढला, तर सुटकेचा जो निःश्वास टाकला जातो, तोच मेंदूला शिकवून ठेवतो की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती त्याच्याही आधी येते.

ठाण्यात राहणाऱ्याला या पायऱ्या शोधायला लांब जावे लागत नाही. मी सहलीच्या आधी सुमारे दोन महिने सुरुवात केली आणि वहीत शून्य ते दहा असे भीतीचे मोजमाप लिहीत गेले. पहिली पायरी बहिणीच्या इमारतीतील लिफ्ट : दुपारी, गर्दी नसताना, बहिणीसोबत तळमजल्यावरून पहिल्या मजल्यापर्यंत. पहिल्या दिवशी आकडा सात होता, आठव्या दिवशी तीन. मग तिसऱ्या मजल्यापर्यंत, मग सातव्या, मग एकटीने, मग मोबाइल पिशवीत ठेवून. हा मोबाइलचा मुद्दा क्षुल्लक नाही. हातात फोन घट्ट धरणे, दारालाच चिकटून उभे राहणे, डोळे मिटून आकडे मोजत राहणे अशा आधारांमुळे त्या वेळी बरे वाटते, पण आधार होता म्हणून निभावले अशी समजूत पक्की होते. असे आधार एकेक करून सोडावे लागतात, एकदम नाही.

त्यानंतर घरातील स्नानगृह, दिवा मालवून, दार लोटून, कडी न लावता. त्यानंतर भुयारी मेट्रो : ठाण्याहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, आणि तिथे जमिनीखालची मेट्रो पकडून दोन स्थानके, पुढे चार. नवी मुंबईची बेलापूर ते पेंधर मेट्रो उंचावरून धावते, त्यामुळे या कामासाठी तिचा उपयोग नाही. नेरूळला राहणाऱ्या माझ्या नणंदेने तीही करून पाहिली आणि तिला ती फारच आवडली, एवढेच तिचे फलित.

शेवटची पायरी कान्हेरीची. लेणी म्हणजे गुहा नव्हे असे मी वर म्हटले, तरी सरावासाठी तिथले लहान विहार उत्तम आहेत. आतील छोट्या खोल्यांत भिक्षूंसाठी कोरलेले दगडी ओटे आहेत, तिथे उजेड कमी असतो आणि दगडाचा गारवा पाठीला जाणवतो. मी आधी दाराकडे तोंड करून बसले, ते जमले. मग दाराकडे पाठ करून बसले, तेव्हा आकडा एकदम दोनवरून सहावर गेला. दार तिथेच आहे, फक्त मला दिसत नाही, ही गोष्ट अंगात मुरायला मला तीन रविवार लागले. चुनखडीच्या गुहेतील त्या दुसऱ्या वळणाची याहून चांगली तालीम मला ठाणे परिसरात सापडली नाही.

मार्गदर्शकापासून भीती लपवणे

सगळ्या चुकांमध्ये मला ही सर्वांत घातक वाटते, कारण तिच्यामुळे बाकीची तयारी वाया जाते. पहिल्या सफरीत मी कोणालाच काही सांगितले नव्हते. रांगेच्या मध्यभागी उभी राहिले, पुढे दहा-बारा आणि मागे तितकीच माणसे होती. चिंचोळ्या जागी पुढचा माणूस छायाचित्र काढण्यासाठी थांबला, मागची रांग दाटली, आणि मला पुढेही जाता येईना, मागेही. बाहेर पडण्यासाठी माझ्यामागच्या सगळ्यांना भिंतीला टेकून उभे राहावे लागले. त्या माणसांची चूक काहीच नव्हती आणि मार्गदर्शकाचीही नव्हती. माझ्यासारखी एक व्यक्ती रांगेत आहे, हे त्याला माहीत असण्याचे कारणच नव्हते.

बेलमला मी तिकीट काढण्यापूर्वीच गाईडला बाजूला घेऊन हिंदीत सरळ सांगितले की मला कोंडल्यासारखे होते, मध्येच थांबावे लागेल, कदाचित परतावे लागेल. त्याला त्यात नवल वाटले नाही. जो माणूस रोज शेकडो लोकांना जमिनीखाली नेतो, त्याने घाबरलेली माणसे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पाहिलेली असतात. त्याने मला आपल्या लगेच मागे ठेवले, पुढची चिंचोळी जागा किती पावलांची आहे आणि तिच्यापलीकडे किती मोठे दालन आहे हे प्रत्येक वेळी आधी सांगितले, आणि आत हवा सोडण्याची सोय कुठे केली आहे ते दाखवले. गाईडच्या मागची जागा अडकण्याची भीती असलेल्यांना मानवते, कारण पुढे मोकळी वाट दिसते. काहींना सर्वांत मागे राहणे बरे वाटते, कारण परतीची वाट मोकळी राहते. त्यांनी मागे एखादा जाणता सोबती ठेवावा. रांगेचा मध्य मात्र कोणीच घेऊ नये.

वेळही याच बोलण्यात ठरवून घ्यावी. सुट्टीच्या दिवशी दुपारी मोठमोठे गट आत असतात, आवाज घुमतो, रांगा खोळंबतात. आम्ही कल्याणहून चेन्नईच्या बाजूला जाणाऱ्या गाडीने ताडिपत्रीला उतरलो, तिथून गुहा सुमारे तीस किलोमीटरवर आहे. मुक्काम तिथेच केल्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दीच्या आधी आत शिरता आले.

प्रवेशद्वारापाशी घाई करणे

भर उन्हातून अंधारात शिरल्यावर डोळे लगेच काम करू लागत नाहीत. अंधाराला पुरते सरावायला त्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि पहिल्या काही मिनिटांत तर सगळे आहे त्याहून काळोखे आणि आहे त्याहून जवळ आल्यासारखे दिसते. घाबरणाऱ्या माणसाची भीती नेमकी याच मिनिटांत उसळते. म्हणून प्रवेशाच्या पायऱ्या उतरल्यावर जिथे बाहेरचा उजेड अजून पोहोचतो, तिथे पाच मिनिटे उभे राहू देण्याची विनंती करावी. बेलमचे प्रवेशद्वार विहिरीत उतरल्यासारखे आहे आणि वर आकाश दिसत राहते, त्यामुळे अशा थांबण्यासाठी ती जागा चांगली आहे.

जीव घाबरा होताच मोठमोठे श्वास घेणे

घाबरलेल्याला आपण सगळेच सांगतो, ‘मोठा श्वास घे.’ या सल्ल्याने त्रास वाढतो. धोक्याच्या जाणिवेने शरीरात अ‍ॅड्रेनालिन वाढते, हृदयाचे ठोके आणि श्वास दोन्ही जलद होतात. धावायचे नसताना जलद आणि खोल श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. त्यामुळे मेंदूकडील रक्तवाहिन्या काहीशा आकसतात, डोके हलके होते, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, छाती आवळल्यासारखी वाटते, आणि श्वास पुरत नाही अशी भावना होते. प्राणवायू त्या वेळी रक्तात पुरेसा असतो. तो कमी पडतो आहे असे समजून माणूस आणखी मोठे श्वास घेतो आणि त्याच चक्रात अधिक खोल जातो. गुहेत हे घडते तेव्हा दोष सरळ गुहेच्या हवेवर जातो, आणि ‘इथली हवा संपली’ हा विचार मग स्वतःच्याच शरीराने दिलेल्या पुराव्यासह समोर येतो.

अशा वेळी लक्ष श्वास सोडण्यावर द्यावे. नाकाने चारपर्यंत मोजत सावकाश, पोटाने, साधा श्वास घ्यावा आणि सहापर्यंत मोजत, ओठ किंचित मिटून, मेणबत्ती न विझवता तिची ज्योत फक्त हलावी इतक्या हलकेपणाने सोडावा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. सुरुवातीला हे अपुरे वाटते. ते तसे वाटणारच, कारण शरीराला त्या क्षणी जास्त हवे असते. दोन-तीन मिनिटांत मुंग्या कमी होऊ लागतात. सराव घरी, शांत असताना, रोज दहा मिनिटे केलेला असावा, कारण घाबरलेल्या अवस्थेत नवी गोष्ट शिकता येत नाही. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नये. दमा किंवा हृदयाचा विकार असेल, तर तो धोक्याचा ठरू शकतो.

श्वासाबरोबर पायांकडे आणि हातांकडे लक्ष न्यावे. तळवे जमिनीवर सपाट टेकले आहेत का, हाताला लागलेला दगड गार आहे की ओला, खरखरीत आहे की गुळगुळीत, हे मनातल्या मनात शब्दांत सांगावे. आणखी एक भीती अशा वेळी पुष्कळांना छळते, ती भोवळ येऊन पडण्याची. घबराटीत रक्तदाब सहसा वाढतो, त्यामुळे केवळ घबराटीने माणूस बेशुद्ध पडणे विरळा. मात्र उपाशी पोट, पाणी न पिणे आणि उष्मा यांनी भोवळ येऊ शकते, म्हणून आत जाण्यापूर्वी हलके खाणे आणि पाणी पिणे चुकवू नये.

पाताळगंगेकडे उतरताना माझी ही वेळ आली. पायऱ्या उतरत्या, छत डोक्याशी आलेले, अंग घामाने भिजलेले. मी गाईडला ‘रुकिए’ म्हटले आणि भिंतीला हात टेकून उभी राहिले. भीतीची लाट चढते, शिखरावर जाते आणि उतरते. ती सहसा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचते आणि शरीर त्या पातळीवर फार वेळ राहू शकत नाही. हे मला ठाऊक होते, पण त्या क्षणी आधार दिला तो एका मराठी वाक्याने. विवेकनिष्ठ मानसोपचाराची ओळख महाराष्ट्राला मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी करून दिली आणि त्या विचारातील एक गाभ्याची गोष्ट अशी की ‘हे मला सहनच होणार नाही’ हे वाक्य बदलून ‘हे मला फार त्रासदायक वाटते आहे, पण मी ते सहन करते आहे’ असे म्हणायचे. दुसरे वाक्य खोटे नव्हते. मी खरोखरच तिथे उभी होते. सात-आठ मिनिटांनी गाईडने विचारले, मी मान हलवली आणि आम्ही उरलेल्या पायऱ्या उतरलो.

सोबत्यांनी करायच्या नसलेल्या गोष्टी

‘अगं, काही होत नाही’ हे वाक्य प्रेमाने म्हटले जाते, पण घाबरलेल्याला ते आपल्याला कोणी समजून घेत नाही असेच सांगते. त्याऐवजी ‘मी इथेच आहे, आपण थांबू, घाई नाही’ इतके पुरते. पाठीमागून ढकलू नये, न विचारता दंड धरू नये. अडकण्याची भीती असलेल्याला घट्ट धरणे म्हणजे आणखी एक भिंत उभी करणे होय. सारखे ‘बरं वाटतंय का’ असे विचारू नये, कारण प्रत्येक प्रश्नाला तो माणूस पुन्हा स्वतःची नाडी तपासायला लागतो. आणि गंमत म्हणून विजेरी बंद करण्याचा प्रकार कोणीही, कधीही करू नये. आमच्या गटातील एका तरुणाने तो विचार बोलून दाखवला, तेव्हा सोसायटीच्या एका काकांनी त्याला तिथेच शांतपणे थांबवले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

गोळी किंवा मद्य घेऊन आत जाणे

हे थोडक्यात सांगता येईल : करू नये. मद्याने तोल आणि निर्णयशक्ती दोन्ही ढळतात, आणि गुहेत पायऱ्या ओल्या असतात. कोणाकडून तरी मागून घेतलेली शामक गोळीही तेच करते, शिवाय मेंदूला नवीन अनुभव नोंदवू देत नाही. डॉक्टरांनी औषध दिले असेल, तर या सफरीबद्दल त्यांनाच विचारावे. दमा असणाऱ्यांनी आपला पंप खिशातच ठेवावा, बसमधील पिशवीत नव्हे.

खरा धोका आणि भीती यांत गल्लत करणे, आणि परतण्याला हार समजणे

भीतीशी झुंजताना माणूस कधीकधी शरीराचे खरे इशारेही भीतीच्या खात्यावर टाकतो. छातीतील दुखणे हातात किंवा जबड्यात पसरत असेल, थांबूनही धाप उतरत नसेल, गटातील अनेकांना एकाच वेळी डोके दुखू लागले असेल, तर ताबडतोब गाईडला सांगून बाहेर पडावे. काही गुहांच्या खोल, वारा न खेळणाऱ्या भागांत कार्बन डायऑक्साइड साचू शकतो, आणि पावसात गुहेत पाणी एकाएकी वाढते. म्हणूनच बंद केलेल्या वाटेने जाऊ नये आणि गाईडने चला म्हटले की कारण विचारत बसू नये.

असे काही नसेल आणि तरीही पुढे जाववत नसेल, तर परतण्यात काही गैर नाही. फक्त परतण्याची पद्धत महत्त्वाची आहे. आकडा नऊवर असताना वळू नये. तिथेच थांबावे, तो पाच-सहापर्यंत उतरू द्यावा आणि मग सावकाश चालत यावे. पहिल्या सफरीत मी धावत निघाले होते आणि त्यानंतर सहा महिने मला लिफ्टच काय, शिवनेरी बसचे बंद दारही सहन होत नव्हते. शक्य असल्यास त्याच दिवशी प्रवेशाजवळच्या रुंद दालनापर्यंत पुन्हा जाऊन यावे, म्हणजे त्या जागेची शेवटची आठवण पळून जाण्याची राहत नाही.

घरी परतल्यावर सराव सोडून देणे

गुहा जिंकून आल्याच्या आनंदात पुढचे दोन महिने कोणी लिफ्टकडे पाहत नाही, आणि भीती हळूहळू आपली जुनी जागा घेते. आठवड्यातून दोनदा तरी एखादी पायरी चालू ठेवावी. भीतीमुळे नोकरी, प्रवास किंवा एमआरआयसारखी तपासणी टळत असेल, तर मात्र एकट्याने झगडत बसू नये. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आपल्या शहरातच आहे, आणि केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेत १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही समुपदेशकाशी बोलता येते. अशा भीतीवर वर्तन-विचार उपचारांचा चांगला उपयोग होतो आणि ते वर्षानुवर्षे चालावे लागतात असेही नाही.

आमच्या त्या चौघांपैकी गुडघ्याचे कारण सांगणाऱ्या वहिनी आता लिफ्टने पाचव्या मजल्यापर्यंत एकट्या जातात. त्यांना पुढची पायरी कान्हेरीची घ्यायची आहे. रविवारी तिथे शाळांच्या सहली असतात आणि सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून आम्ही मंगळवार ठरवला आहे. पहिल्या खेपेला दाराकडे तोंड करूनच बसायचे, असे त्यांनी आधीच बजावून ठेवले आहे.